अंथरुणाला खिळलेल्या दादासोबत बघायला देखणा सिनेमा सुचवा

अबोली:
दादाच्या मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशनला पाच आठवडे झाले. अजून महिनाभर पाय टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. एरवी गप्पांचा फड रंगवणारा माणूस, आता हो-नाहीच्या पुढे बोलत नाही. रात्री त्याची नऊ वर्षांची लेक गोष्ट मागते, तेवढाच वेळ चेहरा खुलतो. रविवारी सगळे त्याच्या खोलीत बसून सिनेमा बघायचं ठरवलंय. गोष्टी, मैत्री, माणसाचं सावरणं असं काही असेल आणि डोळे निवतील, असा सुचवा. उपदेश नको. इंग्रजी चालेल.

पाणकणीस:
तुमचं वाचताना 'द फॉल' (२००६) आठवला. दिग्दर्शक तरसेम सिंग, मूळचा जालंधरचा. मूकपटांच्या काळातलं लॉस एंजेलिसचं इस्पितळ. सिनेमासाठी कसरत करताना पडून पाय लुळे पडलेला रॉय आणि संत्री तोडताना पडून हात मोडलेली छोटी अलेक्झांड्रिया. तो तिला पाच-सहा सूडवीरांची गोष्ट सांगतो, आणि आपण पाहतो ती तिच्या मनातली चित्रं. रॉय 'इंडियन' म्हणतो तो अमेरिकेतला आदिवासी, पण पोरीच्या डोळ्यांसमोर बागेत काम करणारा पगडीवाला भारतीय उभा राहतो. मला ही जागा फार आवडते. सांगणारा एक सांगतो, ऐकणारा दुसरंच बघतो, आणि गोष्ट दोघांची होते.

चित्रीकरण चार वर्षं, वीसहून जास्त देशांत, बराचसा पैसा दिग्दर्शकाचा स्वतःचा. आभानेरीची चांद बावडी ही पायऱ्यांची विहीर, जयपूरचं जंतरमंतर, जोधपूरची निळी घरं, लडाखचं पँगाँग, सगळं खरं. चांद बावडीच्या पायऱ्यांवर माणसं धावतात तेव्हा मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले होते. कपडे जपानी वेशभूषाकार एइको इशिओकाचे.

एक मात्र आधीच सांगते. रॉयला जगायचं नाहीये. गोष्टीची लालूच दाखवून तो त्या पोरीकडून मॉर्फिन, म्हणजे वेदना मारणारं जालीम औषध, चोरून आणवतो. शेवटी रक्तपातही आहे. पुतणीला दाखवू नका, आणि दादाला हे आधी सांगून, त्याला चालणार असेल तरच लावा. एकट्याला बघायला तर अजिबात देऊ नका.

रातराणी:
चित्रांबद्दल दुमत नाही, पण सूडवीरांची गोष्ट मला विस्कळीत वाटली. मधेच पात्रं बदलतात, कुणाचं काय चाललंय कळेना.

पाणकणीस:
रातराणी, ती विस्कळीतच आहे, कारण रॉय ती मनानं रचतोय आणि त्याचं मन थाऱ्यावर नाही. तो खचला की त्याची पात्रं मरायला लागतात. मग पोरगी रडत भांडते, ही गोष्ट माझीही आहे म्हणते. तिथे मला हुंदका आवरला नाही. अलेक्झांड्रिया झालेली कातिन्का उन्तारू ही चिमुरडी अभिनय करतेय असं कुठेच वाटत नाही. रॉय झालेल्या ली पेसला खरंच चालता येत नाही अशी तिची समजूत होती, चित्रीकरणातल्या बऱ्याच मोठ्या माणसांचीही. तिला त्याच्या अक्षरातला इंग्रजी 'ई' (E) तीनच्या आकड्यासारखा (3) वाटला, तर ती चूक तशीच पटकथेत घेतली.

रातराणी:
हे मनात ठेवून पुन्हा बघते. अबोली, सबटायटल्स लावा, मुलीचं इंग्रजी तुटक आहे. आणि २०२४ मध्ये मूबी या ऑनलाइन सिनेमा कंपनीनं आणलेली ४के, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राची, प्रत मिळाली तर तीच लावा.

अबोली:
दादाला सगळं सांगितलं, मॉर्फिनचंही. थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "लाव, पण तू शेजारी बस." पुतणी रविवारी मामाकडे जाईल. तिला दाखवण्याजोगं त्यात काहीच नाही का?

पाणकणीस:
आहे की. ते वीर बेटावर अडकलेले असतात, तिथून हत्ती त्यांना समुद्रातून पोहत घेऊन जातो. खरा हत्ती, अंदमानचा, राजन नावाचा. गोष्टीच्या सुरुवातीलाच आहे. तेवढंच काढून दाखवा, पुढची गोष्ट दादाला रचून सांगू दे.