पहिलं घर: लांब स्वस्त की जवळ महाग? तुमची हिशोबाची पद्धत लिहा

ऑफिसपासून लांबचं स्वस्त घर घ्यावं की जवळचं महाग, हा प्रश्न पहिलं घर घेताना निघतोच आणि बहुतेक वेळा अंदाजानेच सुटतो. कर्ज, वाहनं, वाहतूक किंवा घरांचे व्यवहार यांच्याशी कामाचा संबंध असलेल्यांनी आपली पद्धत इथे लिहावी. आकडे कसे काढायचे आणि ते कुठे फसतात, एवढंच हवं आहे.

*

कर्ज मंजुरीच्या कामातून

प्रवासखर्च दरमहा जातो, घराच्या किमतीतला फरक एकरकमी असतो. त्यामुळे हे दोन आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. आधी प्रवासखर्चाचं कर्जात रूपांतर करा. वार्षिक दर ८.५% आणि मुदत २० वर्षं धरली, तर दरमहा जेवढी रक्कम भरता त्याच्या सुमारे ११५ पट कर्ज फिटतं. दर १०% झाला की १०४ पट. ८.५% दरानेच मुदत ३० वर्षं केली तर १३० पट.

समजा, लांबच्या घरापायी हातात येणाऱ्या पगारातले ८% दरमहा प्रवासात जादा जाणार आहेत. ८% गुणिले ११५ म्हणजे सव्वानऊ महिन्यांचा पगार. जवळचं घर एवढ्या रकमेने महाग असलं, तरी महिन्याचा बोजा दोन्हीकडे सारखाच.

फसतं ते इथे: कर्जाची ऐपत ठरवताना पगार आणि चालू हप्ते पाहिले जातात, रोज किती किलोमीटर जाणार हे कुणी विचारत नाही. मंजुरी मिळाली म्हणजे लांबचं घर परवडलं, असं म्हणूनच समजू नये. दुसऱ्या बाजूने, जवळच्या घराला स्वतःची रक्कम जास्त लागते आणि व्यवहारावरचे कर-शुल्कही त्या प्रमाणात वाढतात. ती रक्कम जमवायला वैयक्तिक कर्ज काढणं मला पूर्ण चुकीचं वाटतं. त्याचा दर चढा आणि मुदत तोकडी, त्यामुळे पहिली काही वर्षं दोन हप्ते डोक्यावर बसतात.

*

वरच्या हिशोबात एक दुरुस्ती

११५ पट धरताना ऑफिस २० वर्षं त्याच जागी राहणार, असं गृहीत धरलं आहे. पाच वर्षांत नोकरी बदलण्याची शक्यता असेल, तर त्याच दराने गुणक ४९ वर येतो. दोन्ही गुणकांनी हिशोब करावा. ४९ नेही जवळचं घर जिंकत असेल तर प्रश्न मिटला. उत्तर फक्त ११५ ने जवळच्या घराच्या बाजूने येत असेल, तर आपल्या क्षेत्रातल्या आणखी किती नोकऱ्या त्या घरापासून तासाभरात गाठता येतात ते मोजा. चार-पाच ठिकाणं निघाली तर मोठा गुणक धरायला हरकत नाही.

आणि एक. इंधन आणि तिकीट महाग होत जातं, स्थिर दराचा हप्ता तेवढाच राहतो. शिवाय हप्त्यातलं मुद्दल घराच्या रूपात आपल्याकडे राहतं.

*

वाहन देखभालीच्या बाजूने

लोक फक्त इंधन धरतात, हीच मुख्य चूक. अंतर एका बाजूने ३० किमी वाढलं तर दिवसाला ६०, आणि वर्षाला कामाचे २४० दिवस धरले तर १४,४०० किमी. कारचे टायर साधारण ४० ते ५० हजार किमी चालतात, म्हणजे दर तीन वर्षांनी पूर्ण संच निव्वळ या जादा अंतरासाठी. सर्व्हिसिंगही लवकर येतं. गर्दीतल्या थांबत-सरकत प्रवासात क्लच प्लेट आणि ब्रेक पॅड मोकळ्या रस्त्यापेक्षा लवकर झिजतात.

इंधनाचा खरा आकडा असा काढा: टाकी फुल करा, किलोमीटरचा काटा टिपा, ऑफिसच्या वेळेत त्याच रस्त्यावर काही दिवस चालवा, पुन्हा फुल करा. मधल्या किलोमीटरना दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज इथे उपयोगाचं नाही.

वाहन असंही ठेवणारच असाल तर विमा या हिशोबात धरू नका, फक्त जादा किमीमुळे होणारा घसारा धरा. पण लांब गेल्यामुळे घरात दुसरं वाहन घ्यावं लागणार असेल, तर किंमत, विमा, पार्किंग सगळं धरा. बऱ्याचदा स्वस्त घराचा फायदा इथेच संपतो.

*

वाहतूक नियोजनातून, वेळेबद्दल

दारापासून दारापर्यंत मोजा. आपल्याच शिफ्टच्या वेळी, जाताना आणि येताना, किमान दहा फेऱ्या. त्यात एक सोमवार आणि शक्य तर एक पावसाचा दिवस असावा. मग सरासरी बाजूला ठेवून सर्वांत वाईट फेरी सोडा आणि तिच्या खालोखाल जास्त वेळ लागलेली फेरी घ्या. सरासरी ५० मिनिटं आणि वाईट दिवशी ८० लागत असतील, तर वेळेवर पोचणारा माणूस रोज ८० मिनिटं आधीच निघतो.

गाडी बदलावी लागत असेल तर दोन गाड्यांमधलं अंतर पाहा. २० मिनिटांनी एक गाडी असेल तर सरासरी थांबणं १० मिनिटं, पण एक चुकली की पूर्ण २०. रात्रीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, हेही टिपा.

एका बाजूने ४५ मिनिटं वाढली तर वर्षाला ३६० तास, म्हणजे आठ तासांचे ४५ दिवस. नियोजनात ऑफिसच्या प्रवासातल्या तासाची किंमत साधारणपणे तासाच्या कमाईच्या निम्म्याच्या आसपास धरतात. हा आकडा पैशांच्या खर्चात मिसळू नका, वेगळ्या ओळीत लिहा. कारण त्यातून हप्ता भरता येत नाही.

*

दोघं नोकरी करत असतील तर

नकाशावरचा मध्यबिंदू काढू नका. तिथून दोघांनाही वाईट रस्ता मिळू शकतो. जिथून दोन्ही दिशांच्या गाड्या सुटतात अशी जागा शोधा, मग ती मध्यापासून सरकलेली का असेना. दोघांच्या मिनिटांची बेरीज पाहाच, पण जास्त ज्याला लागतात त्याचा आकडा वेगळा पाहा. मुलांना आणायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याची मिनिटं दुप्पट धरली तरी चूक नाही, कारण पाळणाघर आणि शाळा कुणासाठी थांबत नाहीत.

घरून कामाची सवलत असेल तर हिशोब दोनदा करा: आजच्या दिवसांनी आणि आठवड्याच्या पाचही दिवसांनी. दुसऱ्या हिशोबात महिना तुटीत जात असेल तर ते घर सवलतीच्या भरवशावर उभं आहे.

*

घरांच्या व्यवहारातून, थोडक्यात

पुढे होणारा रस्ता किंवा रेल्वे सुरू होईपर्यंत शून्य मिनिटांची बचत धरा. विक्रेता मात्र तिची किंमत आजच लावतो. त्यावर घासाघीस करा. शक्य असेल तर त्याच भागात दोन-तीन महिने भाड्याने राहा. दवाखाना, बाजार, क्लास यांच्या फेऱ्या तेव्हाच कळतात, आणि त्या सुट्टीच्या दिवशीही चुकत नाहीत.