चार दिवसांच्या तिकिटात पाचवा दिवस वाढवावा का?

सातरस्ता: नमस्कार. मे महिन्यात मी, पत्नी, ९ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांची आई असे चौघे फ्लोरिडाला बहिणीकडे जाणार असून वॉल्ट डिस्ने वर्ल्डची ४ दिवसांची तिकिटे काढली आहेत. तेथे चार उद्याने असल्याने रोज एक असा हिशेब होता, परंतु मुलाला मॅजिक किंगडम दोनदा पाहायचे आहे. पाचवा दिवस आताच वाढवावा की तेथे गेल्यावर? चौघांचे मिळून ₹१५,००० च्या वर जाणे शक्य नाही.

बाळीवेस: निःसंकोच वाढवा. पहिल्या दोन-तीन दिवसांचेच पैसे जड वाटतात. पुढे दिवसागणिक दर उतरत जातो. आम्ही १० दिवसांचे तिकीट घेतले होते, शिवाय एकाच दिवशी अनेक उद्यानांत प्रवेश देणारे पार्क हॉपर तिकीटही घेतले होते. तुम्हीही तेच घ्यावे.

विजापूरवेस: वाढवा, पण तेथे गेल्यावर. तिकिटाची मुदत संपण्यापूर्वी गेस्ट रिलेशन्सच्या खिडकीवर फरक भरला की काम होते. आम्ही येथूनच एका एजंटाकडून जास्तीचा दिवस घेतला, नेमका त्याच दिवशी धाकटीला ताप आला आणि ते पैसे बुडाले.

कंबरतलाव: उरलेला दिवस बहिणीच्या मुलांना देऊ, असे मनात असेल तर ते जमणार नाही. तिकीट ज्याचे त्यानेच वापरायचे असते आणि दारावर बोटाचा ठसा घेतात. माझ्या आईने तीस वर्षे विड्या वळल्या. बोटांच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की यंत्राने तीनदा नाकारले. शेवटी पासपोर्ट दाखवल्यावर तिला आत सोडले. आजींचा पासपोर्ट बरोबर ठेवा. दिवस मात्र जरूर वाढवा.

होटगीरोड: वर सांगितलेच आहे, पुढचा दिवस स्वस्त पडतो, म्हणून वाढवावा. ४ दिवसांचे तिकीट ठरलेल्या तारखेपासून ७ दिवसांत वापरता येते, ५ दिवसांचे ८ दिवसांत. ऊन फार आहे, सलग फिरू नका.

बाळीवेस: सोलापूरकरांना उन्हाचे काय सांगता? मे महिना आपण येथेच काढतो.

होटगीरोड: आपले ऊन कोरडे असते. तेथे अंगाला हवा लागूनही घाम वाळत नाही आणि वयस्कर माणूस दुपारपर्यंत गळून जातो.

सातरस्ता: सर्वांचे मनापासून आभार. दिवस वाढवणार नाही. तिकीट ७ दिवस चालते हे मला ठाऊकच नव्हते, त्यामुळे दोन दिवस फिरून एक दिवस आईला बहिणीकडे विश्रांती देऊ आणि मग उरलेले दोन दिवस वापरू. ॲनिमल किंगडम सोडून मॅजिक किंगडमला दोनदा जाण्यास मुलगा आनंदाने तयार झाला आहे. आईचा पासपोर्ट माझ्याच पिशवीत राहील.

बाळीवेस: ॲनिमल किंगडम सोडू नका, आमच्या मुलांना तेच सर्वांत आवडले होते.