मदत हवी: स्लॉट कार पलीकडच्या वळणाला दम सोडते, रविवारच्या आत चालू करायचीय

विश्रामबागवाला:
नमस्कार मंडळी. पोरांसाठी घरी स्लॉट कारचा ट्रॅक केलाय, म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतनं पळणारी आणि खाचेशेजारच्या धातूच्या पट्ट्यांतनं करंट घेणारी गाडी. गाडी सुरुवातीला झकास पळते पण पलीकडच्या वळणाला गेली की एकदम दम सोडते, कधी कधी जागेवरच थांबते, बोटानं पुढं ढकलली की परत पळायला लागते. दोन्ही लेनवर तेच. गाड्या चांगल्या आहेत, कंट्रोलर चांगले आहेत, तीन रात्री झाल्या ह्याच्या मागं लागलोय. रविवारी थोरलीचा वाढदिवस आहे आणि तिनं सगळ्या मैत्रिणींना रेस आहे म्हणून सांगून ठेवलंय. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

मिरज_जंक्शन:
सोपं आहे. पट्ट्या पुसा. पुतण्याचा सेट आमच्याकडं असतो, पावसाळा झाला की माळ्यावरनं काढल्यावर दरवर्षी हेच होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन सगळा ट्रॅक पुसायचा, मग जिथं दोन तुकडे जुळतात तिथल्या पट्टीची टोकं पकडीनं हलकी दाबून घ्यायची म्हणजे जोड घट्ट बसतो. गाडीखालची, पट्टीवरनं करंट घेणारी ब्रशची जाळी पण जरा पिंजारून पसरून घ्या.

विश्रामबागवाला:
तुकडे नाहीत ओ. घरी केलाय म्हटलं की.

आबा_वायरमन:
घरी केलाय म्हणजे घरी जोडलाय असंच मलाही वाटलं. ट्रॅक कशाचा, पट्टी कसली, लांबी किती, सप्लाय किती व्होल्ट किती अँपियरचा, वायर कुठं जोडलीय? हे कळल्याशिवाय सगळे अंधारातच सांगणार.

विश्रामबागवाला:
१२ एमएम एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), ८ बाय ४ फुटाची पूर्ण शीट. खाच ३ एमएम रुंद ८ एमएम खोल, दोन लेन, मध्ये १० सेंटिमीटर. खाचेच्या दोन्ही अंगाला तांब्याची चिकटपट्टी. एक लेन साधारण ६ मीटर भरते. गाड्या १:३२ च्या (खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाच्या), मेव्हण्याच्या जुन्या सेटमधल्या, त्याचा ट्रॅक घर बदलताना मोडला म्हणून हा खटाटोप. सप्लाय राऊटरचाच वापरलाय.

सुतारकाम_छंद:
खाच मारायचा राऊटर कुठला आहे? ८ एमएम एका दमात मारला का? ३ चा बिट नाजूक असतो, दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं खोल जायचं, नाहीतर खाच वाकडी येते आणि गाडीचा गाईड, म्हणजे खाचेत बसणारी खालची पाती, आत घासतो. माझ्या मते तुमची गाडी त्यानंच अडकतीय. खाचेत पॉलिश पेपर घडी करून फिरवा.

विश्रामबागवाला:
दादा, वायफायचा राऊटर. त्याचा अडाप्टर, १२ व्होल्ट १ अँपियर. खाच कुपवाडला ओळखीच्या वर्कशॉपमधनं सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) मारून आणलीय, एकदम गुळगुळीत आहे, गाडी हातानं फिरवली तर कुठंच अडत नाही.

जुना_सीपीयू:
मग सापडलं. १ अँपियरवर दोन गाड्या कशा पळणार? भंगारातला कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लायचा डबा) घ्या, हिरवी वायर काळीला जोडली की चालू होतो, पिवळीतनं १२ व्होल्ट घ्या. माझा दोन वर्षं त्यावर चाललाय, एकदा पण गाडी मंद झाली नाही.

आबा_वायरमन:
सीपीयू भाऊ, पोरांच्या खेळाला असा सल्ला अर्धवट देऊ नका. त्या पिवळ्या वायरीतनं १५-१५ अँपियर मिळतात. गाडी उलटली, जाळी दोन्ही पट्ट्यांना आडवी लागली, किंवा धाकट्यानं चमचा ठेवला ट्रॅकवर, तर १ अँपियरचा अडाप्टर मान टाकतो, एसएमपीएस एवढ्या सहज टाकत नाही. पट्टी तापते, कंट्रोलरचा रेझिस्टन्स जळतो. वापरायचाच असेल तर दर लेनला २ अँपियरचा फ्यूज टाका आणि मगच वापरा.

जुना_सीपीयू:
माझा काही जळला नाही.

आबा_वायरमन:
जळला नाही चांगलंच आहे, पण फ्यूज दहा-वीस रुपयाला मिळतो. असो. विश्रामबागवाले, एकटी गाडी सोडली तरी पलीकडं मंद होते का?

विश्रामबागवाला:
होय, एकटी असली तरी.

हरिपूर_रोड:
मी काय म्हणतो, ह्यापेक्षा रिमोटची गाडी घ्यावी. चार्ज केली की झालं, वायर नाही पट्टी नाही. माझा मुलगा गच्चीवर तासन् तास खेळतो. २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट बघून घ्या म्हणजे दोन गाड्यांचे सिग्नल एकमेकांत मिसळत नाहीत.

मिरज_जंक्शन:
त्यांनी ट्रॅकचं विचारलंय हो. आणि शेजारी शेजारी बसून दोघांनी एकाच वळणावर बोट किती दाबायचं ते शिकणं, ही मजा रिमोटमध्ये नाही. आमचा पुतण्या एरवी पाच मिनिटं एका जागी बसत नाही.

दोघांची_आई:
मला करंटमधलं कळत नाही पण एक सांगते. एमडीएफच्या कडा आणि खालची बाजू रंगवलीय का? २०१९ च्या ऑगस्टला आमच्या तळमजल्यात पाणी आलं तेव्हा एमडीएफचं कपाट पावासारखं फुगलं होतं, सागवानी पाट मात्र धुऊन परत वापरात आले. पुराचं सोडा, नुसत्या पावसाळी दमटपणानं सुद्धा उघडी कड फुगते. दोन हात प्रायमर मारून घ्या आणि भिंतीला उभा ठेवणार असाल तर खाली फरशीला टेकवू नका.

आबा_वायरमन:
ताई बरोबर सांगतायत. आता मुद्द्याचं. ती तांब्याची पट्टी अखंड आहे की जोड आहेत?

विश्रामबागवाला:
वळणाला फाटत होती म्हणून तुकड्यांत लावली. प्रत्येक पट्टीला चार जोड. एकावर एक दोन इंच चढवून घट्ट दाबलीय, मीटरनं कंटिन्युइटी पण येते, म्हणजे जोड लागलाय असा बीप वाजतो. वायर एकाच जागी, स्टार्टपाशी.

आबा_वायरमन:
हेच पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं होतं की ओ. पट्टीच्या पाठीला गोंद असतो, साध्या पट्टीचा गोंद करंट जाऊ देत नाही. तुमच्या जोडाला तांबं तांब्याला लागलेलंच नाही, कुठंतरी कडेला टोचून जेवढं लागलंय तेवढ्यावर सगळं चाललंय. मीटरला करंट लागतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळं तो बीप करतो. मोटरला लागतो. स्टार्टकडनं दोन्ही बाजूंनी करंट जातो पण पलीकडच्या वळणाला कुठूनही गेलं तरी दोन जोड ओलांडावे लागतात, म्हणून दम तिथंच जातो. असं करा: गाडी पलीकडं ठेवा, कुणाला तरी कंट्रोलर पूर्ण दाबायला सांगा, मागचं चाक बोटानं जरासं अडवा आणि तेव्हा तिथल्या दोन पट्ट्यांमधलं व्होल्टेज बघा. नुसता रिकामा ट्रॅक मोजू नका.

कोरेगावकर:
कंडक्टिव्ह गोंदाची पट्टी पण मिळते, ती घ्या, जोडांना डाग मारायची, म्हणजे सोल्डरिंगची कटकट नाही.

आबा_वायरमन:
मिळते, पण गोंदातनं गेलेला करंट आणि शिशातनं गेलेला करंट ह्यात फरक पडतो. आणि लावलेली पट्टी उपटली तर त्यांचा रंग निघेल. डागच मारा.

विश्रामबागवाला:
मोजलं. रिकाम्या ट्रॅकला पलीकडं ११.७. थोरलीनं कंट्रोलर दाबला, मी चाक अडवलं, सरळ ४.३ वर आलं. दुसऱ्या जोडाच्या अलीकडं ९, पलीकडं ४ च्या आसपास. आबा तुम्ही म्हणाला तसंच निघालं. पण एमडीएफवर सोल्डरिंग करायचं म्हणजे पट्टी सुटणार नाही का?

आबा_वायरमन:
हात रेंगाळला तर सुटते. जोडावर आधी झिरो नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, तांबं लाल चमकलं पाहिजे. शिसं नीट धरावं म्हणून थोडं फ्लक्स, २५ वॅटचं सोल्डर गन, दोन-तीन सेकंदांत शिसं ओढून घेतलं की उचला. वरचा उंचवटा बारीक कानशीनं सपाट करा, नाहीतर गाडीची जाळी तिथं उडी मारते. आणि शीटच्या खालनं जाड वायर न्या, स्टार्टपासून पलीकडच्या वळणापर्यंत, चारही पट्ट्यांना वेगळी. रंग लावून ठेवा, डावी उजवी अदलाबदल झाली की सरळ शॉर्ट.

विश्रामबागवाला:
शनिवार रात्र. गणपती पेठेतनं फ्लक्स आणि वायर आणली, सोळाच्या सोळा जोडांना डाग मारले, दोन ठिकाणी पट्टी उचलली ती परत चिकटवली. खालनं चार वायरी नेल्या. आता पलीकडं चाक अडवून ११.२ मिळतंय. गाडी अख्खी फेरी एका दमात मारते, पोरं झोपायला तयार नाहीत. आबा, मनापासून आभार. पण आता नवीन भानगड, वेग मिळाल्यावर गाडी प्रत्येक वळणाला उडून बाहेर. मेव्हण्याच्या प्लॅस्टिक ट्रॅकवर ह्याच गाड्या चिकटून पळायच्या.

मिरज_जंक्शन:
हे मला माहितीय. गाडीच्या पोटात लोहचुंबक असतं, प्लॅस्टिक ट्रॅकच्या पट्ट्या लोखंडी म्हणून ते धरून ठेवतं. तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही. गाडीच्या आत तळाला वजन द्या, टायरवाल्याकडं चाक बॅलन्सिंगच्या ५ ग्रॅमच्या चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, लोखंडीच मागा, एक गाईडच्या मागं आणि एक मागच्या चाकांच्या पुढं. टायर ओल्या फडक्यानं पुसा, तिथली धूळ मोठी खोडी करते.

जुना_सीपीयू:
आणि उद्या लहान पोरं आहेत तर १२ ऐवजी ९ व्होल्टचा अडाप्टर लावा. आबा, ह्याला फ्यूज नको ना?

आबा_वायरमन:
ह्याला नको. छान सुचवलंत.

दोघांची_आई:
बाहेरच्या लेनची पोरं नेहमी हरतील बघा, आमच्याकडं त्यावरनं रडारड व्हायची. दोन लेनमध्ये १० सेंटिमीटर म्हणजे एका फेरीला बाहेरचीला साधारण ६३ सेंटिमीटर जास्त पळावं लागतं, वळण मोठं असो की छोटं. दर रेसनंतर लेन बदला. नंतर वेळ मिळाला की आठाच्या आकाराचा करा, आमच्या पोरांनी मधल्या पुलाला पुठ्ठ्याच्या कमानी लावून सांगलीचा आयर्विन पूल केलाय, त्याचं साल १९२९ पण लिहिलंय त्यावर.

विश्रामबागवाला:
थोरलीनं वाचलं हे. आता पूल पाहिजे म्हणून बसलीय. चढ किती ठेवला तुम्ही?

दोघांची_आई:
दीड मीटरमध्ये ९ सेंटिमीटर उचललाय. सुरुवातीला आणि माथ्यावर गोलाई द्या, कोन ठेवला तर गाईड खाचेतनं वर येतो.