मदत हवी आहे : बाळाची जीभ खाली बांधलेली (टंग-टाय) असल्याने दूध ओढता येत नाही

माझे बाळ आज १९ दिवसांचे आहे. रडताना त्याच्या जिभेचे टोक मध्ये खाचल्यासारखे, बदामाच्या आकाराचे दिसते आणि जीभ खालच्या हिरडीपुढे येतच नाही. जिभेखालचा पडदा आखूड असल्याचे बालरोगतज्ज्ञांनी सांगितले आहे. अंगावर घेतल्यावर ते स्तनाग्रच तेवढे तोंडात धरते, चोखताना टकटक आवाज होतो, पकड वारंवार सुटते आणि पाऊण तास पाजूनही ते भुकेलेच राहते. मला मात्र चिरा पडून इतक्या वेदना होतात की पाजण्याची वेळ जवळ आली की धास्तीच वाटते. दिवसाकाठी ६ वेळा लघवी होते, परंतु २ आठवड्यांत भरून यायला हवे होते ते जन्माच्या वेळचे वजन अजून भरलेले नाही. सध्या दूध पिळून वाटी-चमच्याने पाजते आहे.

एका डॉक्टरांनी पडदा कापण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्यांचे म्हणणे असे की प्रत्येक आखूड पडदा कापावा लागत नाही, आधी स्तनपान सल्लागारांकडून पकड सुधारून पाहावी. मला दुसरे मत अधिक पटते, पण वजनामुळे फार थांबण्याचे धाडस होत नाही. ज्यांनी ही छोटी शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांच्या बाळांनी लगेच नीट ओढायला सुरुवात केली का, की पुन्हा शिकवावे लागले? आणि ज्यांनी ती टाळली, त्यांना बाळाला धरण्याची कोणती पद्धत उपयोगी पडली?