मदत हवी आहे: गढीतल्या पाकोळ्यांची ध्वनिमुद्रणे संशोधकांना देण्याजोगी कशी करावीत?

सर्वांना नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या गावात मातीची एक पडकी गढी आहे आणि तिच्या पायथ्याशी दगडी बारव. गढीच्या बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या जुन्या अंधाऱ्या कोठीत, किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांची मोठी वस्ती आहे. गावात त्यांना पाकोळ्याच म्हणतात. दसऱ्यानंतर सलग २६ रात्री, रोज सायंकाळी सव्वासहा ते सव्वानऊ, मी बारवेजवळच्या लिंबाला ऑडिओमॉथ हे लहानसे यंत्र बांधून त्यांचे आवाज मुद्रित केले.

माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो आणि पाकोळ्यांच्या बहुतेक हाका त्याच्या बऱ्याच वर असतात, म्हणून यंत्र सेकंदाला ३,८४,००० नमुने घेईल असे लावले होते. त्यामुळे १९२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडला जातो, परंतु एका तासाला पावणेतीन जीबी जागा लागते आणि ७८ तासांचा सगळा संच सुमारे २१५ जीबीचा झाला आहे. हे काम उपयोगी पडावे अशी मनापासून इच्छा आहे, पण आतापर्यंत माझ्या हातून तीन चुका झाल्या आहेत.

पहिली चूक पाठवण्यातली. एका अभ्यासकांना काही तुकडे मी मोबाइलवरच्या संदेशातून ऑडिओ म्हणून पाठवले. वाटेत त्यांचे आकुंचन झाले, माणसाला ऐकू येतो तेवढाच पट्टा उरला, आणि ज्यासाठी मुद्रण केले तो भागच नाहीसा झाला. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. रातकिड्यांचा गोंगाट कमी करावा म्हणून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी दोन रात्रींच्या फाइलींची 'सफाई' केली आणि त्या मूळ नावानेच जतन केल्या. त्या दोन रात्रींचे मूळ मुद्रण आता माझ्याकडे नाही. तिसरी गोष्ट वेळेची. यंत्राने फाइलींची नावे जागतिक प्रमाणवेळेनुसार दिली आहेत, त्यामुळे सव्वासहाला सुरू झालेल्या फाइलीच्या नावात १२४५ दिसते, म्हणजे पाकोळ्या जणू दुपारी पाऊण वाजता बाहेर पडल्या.

आता विचारायचे ते असे. सगळे २१५ जीबी द्यावेत की स्पष्ट हाका असलेले तुकडे कापून द्यावेत? जातीची खात्री नसताना नोंदीत काय लिहावे? बारवेवर रात्री लोक येऊन बसतात आणि त्यांचे घरगुती बोलणेही मुद्रित झाले आहे. त्याचे काय करावे? आणि मला सर्वांत जास्त काळजी आहे ती ठिकाणाची. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळल्याची बातमी २०२१ मध्ये आली, तेव्हा आमच्या गावातही बळदात धूर करण्याची भाषा झाली होती. माझ्या नोंदींमुळे कोणी त्या वस्तीपर्यंत पोहोचू नये, एवढे मला जपायचे आहे.

प्रतिसाद

सर, सफाई केलेल्या दोन रात्री संचातून वगळा, मात्र त्या का वगळल्या हे नोंदवहीत अवश्य लिहा. नाहीतर त्या रात्री पाकोळ्या आल्याच नाहीत असा अर्थ कोणी काढेल. उरलेल्या २४ रात्रींच्या मूळ फाइलींना हात लावू नका आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. नावेही बदलू नका. वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे व भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे, असे एक वाक्य सोबतच्या माहितीत पुरते.

फक्त चांगल्या हाका निवडून देऊ नका, कारण शांत मिनिटे हीसुद्धा माहिती असते. झेनोडो या संशोधन-माहिती साठवणाऱ्या संकेतस्थळावर एका संचाला ५० जीबीची मर्यादा आहे. त्यात बसवण्यासाठी दर पाचव्या मिनिटाची पूर्ण फाइल घ्यावी आणि हा नियम सर्व रात्रींना सारखाच लावावा. फ्लॅक या फाइल-प्रकारात आवाज न गमावता आकार घटतो, एमपी३ मध्ये मात्र पाकोळ्यांचा आवाज जातोच. फ्लॅक करताना यंत्राने वेव्ह फाइलीच्या शीर्षात लिहिलेली वेळ, गेन (आवाज किती वाढवून घेतला ती पातळी) आणि बॅटरीची नोंद गळून पडू शकते, म्हणून ती आधी तक्त्यात उतरवून घ्यावी.

जातीबद्दल घाई नको. आपोआप ओळख देणाऱ्या पुष्कळ प्रणाली युरोप-अमेरिकेतील जातींवर शिकवलेल्या आहेत आणि त्या आपल्याकडच्या हाकेलाही तिकडचे नाव देऊन मोकळ्या होतात. शिवाय तीच पाकोळी मोकळ्या आभाळात एक हाक देते आणि भिंतीजवळ दुसरी, अधिक आखूड. काही जातींची हाक एकाच कंप्रतेवर सपाट असते, पण उडती पाकोळी यंत्राकडे येत असेल तर डॉप्लर परिणामामुळे तीही थोडी वर सरकलेली दिसते. म्हणून 'जात अनिश्चित' असे लिहून हाकेचा आकार, सर्वांत जोरकस कंप्रता, यंत्राची उंची, तोंडाची दिशा आणि बारवेच्या भिंतीपासूनचे अंतर द्यावे. ओळख पटवण्यासाठी पाकोळ्या पकडू नका; त्याला वनविभागाची परवानगी लागते.

बोलण्याच्या बाबतीत, जाहीर करायच्या प्रतीतून १० किलोहर्ट्झच्या खालचा भाग सर्व फाइलींत सारखाच गाळा आणि तसे नमूद करा. तुमच्या सफाईत आणि यात फरक आहे: येथे काय काढले हे वाचणाऱ्याला नेमके कळते आणि मूळ प्रत शाबूत राहते.

ठिकाणाबाबत तुमची काळजी रास्त आहे. अक्षांश-रेखांश दशांशानंतर दोन स्थळांपर्यंत दिले तरी साधारण एक किलोमीटरची अचूकता राहते, आणि तेवढ्या परिसरात गढी एकच असेल तर ती लगेच सापडेल. तालुक्याचे नाव तेवढे द्यावे आणि नेमकी जागा लेखी मागणी करणाऱ्या अभ्यासकालाच कळवावी. मात्र फोल्डरचे नाव, फाइलीतल्या ग्वानो नोंदीतले (वटवाघळांच्या मुद्रणांत माहिती जोडण्याच्या ठरावीक पद्धतीतले) स्थानाचे रकाने आणि सोबत जोडलेला गढीचा फोटो हेही तपासा; पत्ता बहुधा अशाच ठिकाणांहून फुटतो.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. फाइली तपासल्या तर फोल्डरला मी गावाचेच नाव दिले होते आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर गढीचा फोटोही होता. दोन्ही काढले आहेत. शीर्षनोंदी तक्त्यात उतरवताना आणखी एक गोष्ट दिसली. नवव्या रात्रीपासून गेन मध्यमवरून उच्च झाला आहे आणि बळदातून थवा बाहेर पडतो त्या मिनिटांत आवाज यंत्राच्या मर्यादेबाहेर गेल्याने हाकांची शिखरे कापली गेली आहेत. अशी मिनिटे नुसती खूण करून संचात ठेवावीत, की पहिल्या आठ रात्रींचा वेगळा संच करावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. तोपर्यंत मी काहीही जाहीर करणार नाही.