श्रावणात मीट?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी ११ ला गच्चीवर मीट आहे, सर्वांनी वेळेवर यावे. विषय: पाण्याची टाकी, पार्किंग, गणपतीची वर्गणी.

बी-२०३ काकू: श्रावणात मीट?? आणि तेही गच्चीवर? अर्धी सोसायटी सोमवार करते हो

सी-४०१: काकू मीट म्हणजे मीटिंग हाहाहा

बी-२०३ काकू: मग मीटिंग लिहा की सरळ, दोन अक्षरं जास्त टाइप करायला पैसे पडतात का

ए-१०२ सर: काकूंचं चुकलं नाही, आपण देवनागरीत लिहिलं की दोन्ही मीट सारखेच दिसतात, इंग्रजीत स्पेलिंगही वेगळं आणि मूळही वेगळं. भेटीचा मीट जुन्या इंग्रजीतल्या मेटान वरून आला, म्हणजे गाठ पडणे, समोर येणे. खाण्याचा मीट मेटे वरून, आणि गंमत म्हणजे मेटे म्हणजे मटण नव्हेच, कुठलंही अन्न!! १६११ च्या इंग्रजी बायबलात पहिल्याच अध्यायात देव पशुपक्ष्यांना हिरवा पाला देतो, त्याला शब्द वापरलाय मीट. मिठाईला स्वीटमीट म्हणतात त्यात तो जुना अर्थ अजून टिकून आहे

बी-२०३ काकू: म्हणजे अळूची भाजी पण मीट. बरं झालं सांगितलंत

सी-४०१: आता काकू डब्यात मीट देणार सगळ्यांना

डी-३०२ (लॉ): सर आमच्या कॉलेजला मूट कोर्ट असतं, खोटी केस लढवायची. तो मूट यातलाच का

ए-१०२ सर: अगदी यातलाच. सभेला जुना शब्द गेमोट, त्याचाच मूट झाला. इंग्लंडात जुन्या काळी अँग्लो-सॅक्सन राजाला सल्ला देणारी सभा होती विटेनगेमोट, म्हणजे शहाण्यांची सभा, १०६६ ला नॉर्मन आले आणि ती मोडली. पुढे वकिलीची पोरं सरावाला वाद घालायची त्यालाही मूट म्हणू लागले

सी-४०१: पण आमचा अमेरिकन मॅनेजर "दॅट्स मूट" म्हणाला की विषय संपला, गप्प बसायचं

ए-१०२ सर: तिथेच तर मजा आहे. इंग्लंडात मूट पॉइंट म्हणजे अजून वादाचा मुद्दा, चर्चा करा. अमेरिकेत म्हणजे चर्चा करून काही उपयोग नाही, राहू द्या

ए-५०१: आपलं पार्किंग दोन्ही देशांत मूट आहे

सी-१०४ आजी: माझी नात फिलाडेल्फियाला आहे. तिच्या घराजवळ मीटिंग हाउस अशी पाटी होती, तिला वाटलं हॉल असेल, बारशाला भाड्याने मिळतो का विचारायला गेली तर ते क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं प्रार्थनेचं ठिकाण निघालं. त्यांच्या प्रार्थनेलाच मीटिंग म्हणतात म्हणे. पुजारी नाही, भजन नाही, सगळे गप्प बसून राहतात, कुणाला आतून वाटलं तर उठून चार शब्द बोलायचे आणि परत बसायचं

ए-१०२ सर: बरोबर आजी, आणि कामकाजाची मीटिंगसुद्धा तशीच, हात वर करून मतदान नाहीच. सगळ्यांचा कल कुठे जातोय ते क्लार्क, म्हणजे मीटिंग चालवणारा, ओळखतो, लिहून वाचून दाखवतो, लोकांना पटलं तर ठरलं, नाही पटलं तर पुढच्या वेळी

ए-५०१: आपल्याकडे कल ओळखायला गेलं तर पुढची दहा वर्षं टाकी दुरुस्त होत नाही

बी-२०३ काकू: मी म्हणते हे मीट बीट सोडा, बैठक लिहा

सी-४०१: नको काकू, "रविवारी बसायचंय" म्हटलं की काही मंडळी वेगळ्याच तयारीने येतील

बी-२०३ काकू: आमचे हे पहिले

ए-१०२ सर: मग सभा लिहा. अथर्ववेदात सभा आणि समिती या प्रजापतीच्या दोन मुली आहेत

ए-५०१: आपली समिती कुणाची मुलगी ते माहीत नाही पण हट्टी आहे

सेक्रेटरी: मी वाचतोय बरं का

ए-१०२ सर: अजून एक राहिलंच. थिंग म्हणजे वस्तू ना, तो शब्द पण आधी सभा असाच होता, मग सभेपुढचा विषय, मग कुठलीही गोष्ट. आइसलंडची संसद अजूनही आल्थिंग, ९३० साली सुरू झाली ती उघड्या माळावर. कायदे लिहिलेले नव्हते, एक माणूस कायद्याच्या खडकावर उभा राहून दर वर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणायचा, तीन वर्षांत पूर्ण

सी-४०१: म्हणजे आपले बी-३०४ काका. बायलॉज पाठ आहेत त्यांना, आणि ते सगळे एकाच सभेत म्हणतात

बी-३०४ काका: थट्टा पुरे. प्रश्न असा की ही विशेष सर्वसाधारण सभा आहे की नुसती भेट? विशेष असेल तर पूर्ण ५ दिवसांची नोटीस लागते, आणि व्हॉट्सॲपवर मीट आहे लिहिलं म्हणजे नोटीस होत नाही. कोरम, म्हणजे किमान हजेरी, दोन तृतीयांश सभासद किंवा २०, जे कमी असेल ते. मागच्या वेळी ११ डोकी होती त्यात दोन लहान मुलं

सेक्रेटरी: काका, विशेष वगैरे काही नाही, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे त्याआधी नुसतं बोलून घेऊ म्हटलं

बी-३०४ काका: मग ठराव होणार नाही. बोला पाहिजे तेवढं, कागदावर काही येणार नाही.

डी-३०२ (लॉ): म्हणजे अमेरिकन मूट

सेक्रेटरी: रविवार, ११ वाजता. गच्चीच्या खुर्च्या मोडल्यात, आपापली आणा. टाकीवाला पण येतोय, दर तोच सांगेल.