धरण उशाला, टँकर दाराशी: धायरी-नऱ्हे-आंबेगाव पट्ट्यात नव्या इमारतींना भोगवटापत्र द्यावं का?

वडगाव बुद्रुक

या चर्चेच्या धाग्यावर मत सरळ मांडतो, शिव्या नंतर घाला. पुण्याच्या धायरी, नऱ्हे, आंबेगाव, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात महापालिकेची जलवाहिनी इमारतीच्या फाटकापर्यंत पोचून तिच्यातून खरोखर पाणी येत नाही, तोवर एकाही नव्या इमारतीला भोगवटापत्र, म्हणजे राहायला जायचा दाखला, देऊ नये.

हा पट्टा भरला कसा ते आधी बघा. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. शिवाजीनगर-डेक्कनभोवतीचं जुनं विद्येचं माहेरघर तोवर दाटलं होतं. नव्या संस्थांना एकरांनी जमीन हवी होती, ती कात्रजच्या डोंगराच्या उतरणीला मिळाली. कॉलेजं आली, वसतिगृहं अपुरी पडली आणि ज्याच्या त्याच्या वावरात चार मजले उठले. मजल्याला सहा खोल्या, खोलीत तीन-चार कॉट, खाली मेस आणि झेरॉक्स. शिकून नोकरीला लागलेली पोरं इथंच टिकली, त्यांनी वन-बीएचके घेतले, आईवडिलांना आणलं. बिल्डरला आणखी काय हवं?

यातला बराच भाग तेव्हा ग्रामपंचायतीत होता. 2017 मध्ये आंबेगाव, धायरीसह 11 गावं महापालिकेत आली, 2021 मध्ये नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासल्यासह 23. क्षेत्रफळात पुणं मुंबई महापालिकेलाही मागं टाकून गेलं, त्याच्या बातम्या झाल्या. आता यातली खरी गंमत ऐका. 23 गावं हद्दीत आली, पण जुलै 2021 मध्ये त्यांच्या नियोजनाचा अधिकार सरकारनं पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिला. म्हणजे बांधकाम परवानगी आणि तिचं शुल्क एका दारात, आणि पाणी, ड्रेनेज, कचरा मागायला लोक दुसऱ्या दारात. वर मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसले. जाब विचारायला सरपंच उरला नव्हता आणि नगरसेवक आला नव्हता.

या घोळाचं बिल जानेवारी 2025 मध्ये आलं. गुइलेन-बारे सिंड्रोम (जीबीएस) या नसांच्या आजाराचे दोनशेच्या वर रुग्ण निघाले आणि त्यातले बरेचसे याच पट्ट्यातले. खडकवासला धरणाच्या पायथ्याची गावं, आणि तिथं विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून नळाला सोडलेलं. पुण्याला पाणी पाजणारं धरण ज्यांच्या उशाला, त्यांनाच शुद्धीकरणाशिवायचं पाणी. यानंतरही आपण नव्या इमारतींना "पाण्याची सोय आम्ही करू" एवढ्या बिल्डरच्या हमीपत्रावर भोगवटापत्र देणार असू, तर पुढच्या साथीबद्दल कुणी गळा काढू नये.

सदाशिवपेठी

गळा काढायचा नाही म्हणता आणि अख्खा धागा तेवढ्यासाठीच. प्रश्न साधा आहे: घर घेताना तुम्हाला माहीत नव्हतं का? कोथरूडच्या निम्म्या भावात फ्लॅट मिळतो तेव्हा तो का मिळतो, हे शाळकरी पोरालाही कळतं. ग्रामपंचायतीचा नकाशा, सहा फुटी बोळ, कागदावर कसले कसले शिक्के, तरी रांगा लावून घेतले. आता मात्र "शहराचे नागरिक" म्हणून सगळं हवं.

महापालिका 1950 पासून आहे. आमच्या वडिलांनी कर भरला, आम्ही भरतोय. 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा आमच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, त्यानंतर हे शहर पुन्हा उभं राहिलं. आमच्याकडे आज पाणी दिवसातून एकदा येतं आणि तेही पहाटे. समान पाणीपुरवठा योजनेसाठी गल्ल्या खणून ठेवल्या, 82 टाक्या बांधायच्या म्हणाले. ती योजना पुरी व्हायच्या आधीच तिचं पाणी समाविष्ट गावांत वाटायचं? आधी घरचं झालं पाहिजे. शिवाय 2024 मध्ये राज्य सरकारनं समाविष्ट गावांच्या थकीत मिळकतकराच्या वसुलीला स्थगिती दिली. कर नको, पाणी हवं!

वडगाव बुद्रुक

करवसुलीच्या स्थगितीला माझा विरोधच होता, तो हिशेब माझ्या नावावर नको. पण "माहीत नव्हतं का" हा प्रश्न विकत घेणाऱ्याला विचारता, परवानगी देणाऱ्याला का नाही? त्याच्याकडे तर नकाशा होता.

नऱ्ह्याचा घरमालक

मी इथलाच. आमची तीन एकर होती, त्यात ज्वारी आणि थोडा ऊस. दोन एकर भावकीच्या वाटण्यांत आणि महामार्गात गेली. उरलेल्यात खोल्या काढल्या. आता तुम्ही सांगता बांधू नका. शेत करू द्यायचं नव्हतं, कारण चारी बाजूंनी इमारती आल्यावर पिकाला पाणी कुठनं द्यायचं. मग बांधलं, तर तेही नको.

बंदी घातली की काय होतं ते मी बघितलंय. मोठा बिल्डर कोर्टात जातो, वकील लावतो, सुटतो. आमच्यासारखा माणूस रात्रीतनं स्लॅब टाकतो. परवानगी बंद म्हणजे बांधकाम बंद, असं पुण्यात कधी झालंय? उलट जे कागदावर येणार होतं ते बिगरकागदी होतं, आणि मग दहा वर्षांनी गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटच्या कायद्यात, नियमित करा म्हणून अर्ज.

आणि पेठेतल्या साहेबांना विचारतो, तुमच्या घरी जे पाणी येतं त्या धरणांखाली कुणाची गावं गेली? पानशेत-वरसगावची माणसं उठवली तेव्हा कुणी म्हणालं नाही, आधी घरचं झालं पाहिजे. कराचं बोलता तर ऐका: ग्रामपंचायतीच्या पट्टीच्या कित्येक पट बिल येतं आता. बिल आलं, पण नळ काही आला नाही. दुकानदार पैसे घेऊन माल देत नसेल तर गिऱ्हाईक काय करतं?

लातूरहून आलेला

मी आंबेगावला कॉट बेसिसवर राहतो, शेवटचं वर्ष. सगळे मालक, बिल्डर, करदाते बोलले, आता भाडं भरणाऱ्याचं ऐका.

आमच्याकडे पाण्याची दोन खाती आहेत. वापरायचं येतं टँकरनं. सकाळी साडेसातनंतर उठलात तर बादली भरत नाही, त्यामुळे पहिल्या लेक्चरला सगळे हजर असतात, एवढाच काय तो फायदा. प्यायचं येतं जारनं आणि त्याचे पैसे वेगळे. जीबीएसच्या वेळी महापालिकेनं खासगी आरओ केंद्रं सील केली, तेव्हा कळलं की आम्ही "फिल्टरचं" म्हणून जे पीत होतो त्याची कुणी कधी तपासणी केलेली नव्हती. घरून फोनवर फोन: परत ये. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते दिवस काढलेल्या माझ्या आईला पुण्याच्या पाण्याची भीती वाटावी!

तरी माझा बंदीला विरोध आहे. नव्या इमारती थांबल्या की आहे त्या खोलीत चौथ्याच्या जागी पाचवी कॉट येईल आणि भाडं वाढेल, मालकाचं काही अडणार नाही. प्रवेशाच्या जागा दरवर्षी वाढवता, तेव्हा पोरं राहणार कुठं हे कुणी विचारलं होतं का? अट घालायचीच तर संस्थांना घाला: जेवढ्या जागा, त्याच्या अमुक टक्के वसतिगृह, स्वतःच्या सांडपाणी प्रक्रियेसकट.

सदाशिवपेठी

संस्था कुणाच्या आहेत, ते बघून ही अट कोण घालणार ते सांगा.

निवृत्त उपअभियंता

पाणीपुरवठ्यात नोकरी काढली आहे, पुण्यात नाही, पण नळाचं शास्त्र सगळीकडे सारखं. इथं सगळे "पाणी द्या, पाणी देऊ नका" असं बोलताहेत, जणू कुणीतरी चावी दाबून बसलंय.

खडकवासल्याचं पाणी कच्चं असतं. ते आधी पर्वतीला किंवा वडगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तिथून पुढं जातं. म्हणजे नांदेड-किरकटवाडीच्या बगलेतून पाणी शहराकडे जाणार, शुद्ध होणार, आणि या गावांना हवं असेल तर ते उलट पाठवावं लागणार. आंबेगाव-कात्रजकडे चढ आहे, तिथं पंप लागतो. पंपानं पाणी टाकीत चढवायचं, टाकीतून उतारानं वाटायचं. त्यामुळे क्रम ठरलेला असतो: शुद्धीकरणाची क्षमता, मुख्य वाहिनी, टाकी, मग गल्लीतली वाहिनी, शेवटी नळजोड. राजकारण्याला शेवटून सुरुवात करायला आवडतं, कारण गल्लीत पाइप टाकला की नारळ फोडता येतो. कोरडे पाइप मी कमी पाहिलेले नाहीत.

खरी मेख टाकीच्या जागेत आहे. टाकीला उंचावरचा भूखंड लागतो. तो विकास आराखड्यात आरक्षित असावा लागतो. आराखडा गावं भरून गेल्यावर येतो, तोवर उंचावरच्या जागी "हिल व्ह्यू" नावाची स्कीम उभी असते. रस्त्याचं तेच. प्रत्येक बिल्डर आपल्या कुंपणाच्या भिंतीपर्यंत गुळगुळीत काँक्रीट करतो, दोन भिंतींमधला ओढा कुणाचाच नसतो, आणि पावसाळ्यात तोच रस्ता होतो.

आता मूळ प्रस्तावाबद्दल. भोगवटापत्र अडवलं की त्रास बिल्डरपेक्षा घेणाऱ्याला होतो. तो एकीकडे हप्ता भरतो, दुसरीकडे भाडं. बिल्डरचे पैसे तोवर निघालेले असतात. अडवायचंच तर बांधकाम सुरू करण्याचा दाखला अडवा, पाया खणायच्या आधी. बाणेर-बालेवाडीच्या पाण्यावरून उच्च न्यायालयानं नव्या बांधकामांना काही काळ अटकाव केला होता, त्यामुळे हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये.

कालवाकाठ, इंदापूर

वाचून करमणूक झाली. सदाशिव पेठ आणि नऱ्हे भांडताहेत, आणि पाणी आमचं.

खडकवासला साखळीतली चारही धरणं भरली तर 29 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. शहराचा जुना मंजूर कोटा साडेअकरा टीएमसी होता, उचल त्याच्या कितीतरी पुढं गेली. उरलेल्यात दौंड-इंदापूरचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी. उन्हाळ्याचं आवर्तन एक का दोन, यावर आमची फळबाग जगते की मरते ते ठरतं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीतलं पाणी उपसायच्या विहिरीतून, साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी कालव्यात सोडायचं ठरलं होतं. कालव्यावर येऊन त्या पाण्याचा वास घेऊन बघा, मग प्रक्रिया कशाला म्हणतात यावर बोलू. तुमच्याच महापालिकेच्या अंदाजानं 40 टक्क्यांच्या आसपास पाणी गळतीत जातं. आधी ते बुजवा. नवीन गाव जोडलं की कोटा वाढवून मागायचा, ही सवय सोडा.

धायरीची सेक्रेटरी

आमच्या सोसायटीचं पाण्याचं रजिस्टर माझ्याकडे असतं म्हणून लिहिते. बिल्डरचं नाव घेत नाही, सगळे सारखेच.

टँकर आला की वॉचमन आधी झाकण उघडून आत बघतो, कारण अर्धा भरलेला टँकर पूर्ण म्हणून रिकामा करणारे असतात. मग टाकीत काठी घालून वरची खूण आणि खालची खूण लिहायची. पावतीवर दहा हजार लिटर, काठीवर कधीच दहा हजार भरत नाहीत. एप्रिल-मे मध्ये दर वाढतो आणि टँकरवाला वर उपकार केल्यासारखा बोलतो. देखभाल खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा लिफ्टचा नाही, सुरक्षेचा नाही, पाण्याचा. ज्या काकांना पेन्शन नाही त्यांनाही तोच वाटा.

पेठेतले दादा, तुम्ही निम्म्या भावाचं म्हणालात ना, त्यात हे दरमहा मिळवा आणि मग कोथरूडशी तुलना करा.

आणि सगळीकडेच पैसे नाहीत असंही नाही. पूर्व भागाला, वडगाव शेरी-खराडीकडे, भामा आसखेड धरणाचं पाणी 2021 च्या जानेवारीत आलं. स्वारगेट ते कात्रज साडेपाच किलोमीटर भुयारी मेट्रो, जवळजवळ तीन हजार कोटी, ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं मंजूर केली. मला मेट्रो हवीच आहे. पण कात्रजला मेट्रो आली की आमच्याकडचे दर आणखी चढतील, आणखी टॉवर येतील, आणि काठी घेऊन उभा वॉचमन तोच असेल.

वडगाव बुद्रुक

उपअभियंता साहेबांचा मुद्दा घेतो. भोगवटापत्राऐवजी बांधकाम सुरू करण्याचा दाखला अडवावा, हे जास्त बरोबर. विद्यार्थ्याची वसतिगृहाची अटही त्यात घालावी. इंदापूरकरांशी मात्र अर्धीच सहमती: गळती बुजवा हे शंभर टक्के मान्य, पण माणसांचं पिण्याचं पाणी आणि उसाचं पाणी एकाच तराजूत बसत नाही.

भांडण एकाच गोष्टीवर आहे. प्रत्येक चौरस फुटामागं विकसन शुल्क घेतलं जातं. ते ज्या गावातून आलं त्याच गावाच्या टाकीवर आणि वाहिनीवर खर्च झालं का, याचा गाववार हिशेब दरवर्षी जाहीर करा. तो शून्य निघाला तर पुढची परवानगी त्या गावात बंद.

कालवाकाठ, इंदापूर

आमच्याकडे पेरू-डाळिंब आहे. सगळा ऊसच दिसतो तुम्हाला.

नऱ्ह्याचा घरमालक

हिशेबाला मी पण सही करतो. पण परवानगी बंद करायच्या आधी मला सांगून ठेवा, धाकट्याचा मजला चढवायचाय.